तबकडीवर नसलेली नावं

सात-आठ वर्षांपूर्वी लोणंदच्या आठवडी बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यात मला 'अलबेला'ची तबकडी सापडली. कडेचा टवका उडाला होता, पण वाजण्याजोगी होती. घरच्या चावीच्या ग्रामोफोनवर ती लावली तेव्हा आमच्या भागातले एक जुने क्लॅरोनेटवाले शेजारी बसले होते. उभी हयात त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये काढलेली. लोणंद, फलटण, खंडाळा, वाठार या पट्ट्यात किती वराती वाजवल्या, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. गाणं संपलं आणि मी नेहमीप्रमाणे सी. रामचंद्रांविषयी बोलायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "ते सगळं खरं. पण ट्रंपेट कुणाचं?"

मी तबकडी उचलून पाहिली. चित्रपटाचं नाव, गाण्याचे सुरुवातीचे शब्द, गाणाऱ्यांची नावं, संगीतकाराचं नाव, खाली कंपनीचा क्रमांक. ट्रंपेट कुणाचं ते कुठंच नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं, कारण त्याआधी दोनच वर्षं मी एका नियतकालिकात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की, अमेरिकेतला जॅझ मराठी कानापर्यंत सी. रामचंद्रांनी आणला. 'आणला' हे क्रियापद मी फारसा विचार न करता वापरलं होतं. जणू पुणतांब्याला जन्मलेला, नागपूर आणि पुण्याच्या गुरूंकडे ख्याल शिकलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या बोटीवरून एक गाठोडं घेऊन उतरला.

हा लेख त्या एका क्रियापदाची दुरुस्ती करण्यासाठी आहे.

मराठीत या संगीतावर जे लिहिलं गेलं त्यात साधारण दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, 'शहनाई' (1947) किंवा 'अलबेला' (1951) मधली पाश्चात्त्य धाटणीची गाणी ही उसनवारी. खरे अण्णा भावगीताच्या जवळ जाणाऱ्या चालींत सापडतात. दुसरा म्हणतो, हे धाडस होतं, काळाच्या पुढचं होतं. वाद रंगतो, पण दोन्ही पक्ष एकाच माणसावर भांडतात. चाल कुणी बांधली एवढाच प्रश्न. ती वाजवली कुणी, तिच्या मधल्या जागा कुणी भरल्या, ट्रंपेटच्या त्या तिरक्या फेकीचं वळण कुणाच्या ओठातलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. ते बँडवाल्याला सुचलं.

थोडं अमेरिकेत जाऊन यावं लागेल, कारण हा विसरभोळेपणा एकट्या आपला नाही.

'जॅझ युग' हे नाव रूढ झालं ते एका कथाकारामुळे. स्कॉट फिट्झजेराल्डचा 'टेल्स ऑफ द जॅझ एज' हा संग्रह 1922 चा. पहिलं महायुद्ध संपलेलं, हाताशी पैसा, मोटारी हप्त्याने मिळू लागलेल्या, बायकांचे केस आखूड आणि झगे गुडघ्यापर्यंत आलेले, घरात रेडिओ, आठवड्याला सिनेमा. 1920 च्या जानेवारीपासून 1933 च्या डिसेंबरपर्यंत देशभर दारूबंदी. म्हणजे दारू होतीच, फक्त चोरट्या गुत्त्यांत होती, आणि त्या गुत्त्यांना गिऱ्हाईक बसवून ठेवायला वाजवणारे हवे होते. बंदीने संगीताला काम दिलं, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे मुंबईत ती उलटी होऊन भेटते.

त्याच फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' (1925) ही कादंबरी त्या काळाचं प्रमाणपत्र मानली जाते. तिच्यातल्या मेजवान्या जगप्रसिद्ध आहेत. मी ती पुन्हा वाचली तेव्हा क्लॅरोनेटवाल्यांचा प्रश्न डोक्यात होता. तिसऱ्या प्रकरणात वाद्यवृंद येतो. लेखक वाद्यांची यादी देतो: ओबो, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, कॉर्नेट, पिकोलो, ढोल. सगळी आहेत. वाजवणारा मात्र एकही नाही. पाहुण्यांच्या नावांची दोन-दोन पानं भरतील एवढी यादी पुढच्या प्रकरणात येते आणि ज्या संगीतावरून त्या युगाला नाव मिळालं, त्याचे वादक वाद्यांच्या मागे नाहीसे होतात. काळी माणसं कादंबरीत येतात ती मुख्यतः एका पुलावर, गोऱ्या शोफरच्या गाडीतून ऐटीत जाणारी, निवेदकाला हसू आणण्यापुरती. कादंबरी मोठी आहे, यात शंका नाही. पण तिच्या कानाला एक भोक आहे.

बाहेरच्या जगातही हेच चाललं होतं. हे संगीत घडवलं दक्षिणेतून शिकागो-न्यूयॉर्ककडे आलेल्या काळ्या वादकांनी. पण जॅझची पहिली तबकडी 1917 मध्ये निघाली ती एका गोऱ्या बँडची. 'जॅझचा राजा' ही पदवी मिरवली पॉल व्हाइटमन या गोऱ्या बँडप्रमुखाने. बोलपटांचं युग ज्याच्यापासून मोजतात तो 1927 चा 'द जॅझ सिंगर'. त्यातला गोरा नायक चेहऱ्याला काळा रंग लावून गातो. मराठीत तोंडाला काळं फासणं याचा अर्थ वेगळा आहे, पण इथं तोही चालून जावा. हार्लेममधल्या कॉटन क्लबात रंगमंचावर काळे कलावंत आणि टेबलांवर फक्त गोरे, असा रिवाज होता. ड्यूक एलिंग्टन 1927 पासून तिथं वाजवत होता.

तरीही एक गोष्ट तिथं घडली, जी आपल्याकडे घडली नाही. 1925 च्या नोव्हेंबरात लुई आर्मस्ट्राँगने शिकागोत पाच जणांचा संच घेऊन तबकड्या भरायला सुरुवात केली. त्या तबकड्यांचं लेबल पाहिलं तर त्यावर नाव वाजवणाऱ्याचं आहे: लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे 'हॉट फाइव्ह'. काळ्यांसाठीच्या वेगळ्या मालिकेत विकल्या जाणाऱ्या तबकड्या, म्हणजे भेदभाव होताच. पण नाव होतं. आणि नावाच्या मागे हक्क होता. 1928 च्या 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवात आर्मस्ट्राँग एकट्या ट्रंपेटवर करतो. ती चाल दुसऱ्याची, पण पहिल्या काही सेकंदांत तो जे वाजवतो ते कुठल्या कागदावर लिहून दिलेलं नाही. ते त्याचं आहे. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली, शाहिराने लावणीत आपलं नाव गुंफलं. आर्मस्ट्राँगने सही फुंकीने केली. जॅझमध्ये नवं काय होतं असं मला कुणी विचारलं तर मी ताल सांगणार नाही, सॅक्सोफोनही सांगणार नाही. वाजवणारा हाच तिथं रचनाकार झाला, हे सांगेन.

आता हे मुंबईला कसं आलं ते पाहू.

अमेरिकेचं ते दशक आपल्याकडे आधी मुकं आलं. 1927-28 मध्ये सरकारने नेमलेल्या रंगाचारी समितीने देशभर फिरून सिनेमाची चौकशी केली, तेव्हा परदेशी चित्रपटांत अमेरिकन मालाचाच भरणा होता आणि डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद' लोकांनी डोक्यावर घेतलेला होता. गिरणगावातल्या पोराने फेअरबँक्सच्या उड्या पाहिल्या. त्या उड्यांच्या देशातलं संगीत त्याच्या कानावर पडलं नाही. आपल्या पडद्यावरही नवी बाई आली. 1926 चे सुलोचनाचे 'टेलिफोन गर्ल' आणि 'टाइपिस्ट गर्ल' यांच्या नावांतच नवी नोकरी आहे, नवं यंत्र आहे. मुंबईत 1927 च्या जुलैत नभोवाणी केंद्र सुरू झालं. ना. सी. फडक्यांची 'जादूगार' 1928 ची. चेहरामोहरा बदलत होता, आवाज अजून यायचा होता. मूकपटाच्या गिरगावातल्या थिएटरात पेटी-तबला वाजत असे. फोर्टातल्या साहेबी थिएटरात पियानो-व्हायोलिन. ते व्हायोलिन वाजवणारा बहुधा गोव्याचा असे. त्याच्याकडे मी येतोच.

ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला तो 1935 च्या अखेरीस. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथने बँडची सूत्रं घेतली, मग टेडी वेदरफर्डने. क्रिकेट स्मिथ कॉर्नेट वाजवायचा आणि तो काही हौशी पोरगा नव्हता. 1913-14 मध्ये न्यूयॉर्कात जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदाच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांत तो होता. वेदरफर्ड हा शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदात बसलेला पियानोवादक. मुंबईला उरलंसुरलं आलं नव्हतं, मूळच्या पंगतीतली माणसं आली होती.

इथं तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. 1913 ते 1916 डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कात कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम. त्याच शहरात त्याच सुमाराला क्रिकेट स्मिथ कॉर्नेट वाजवत होता. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताजच्या नाचघरात काळ्या अमेरिकनांचा बँड उभा राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि तसा आव आणणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आहे. पण एकाच हिवाळ्यात, एकाच प्रांतात, माणसाचं मोल जन्मावरून ठरवणाऱ्या दोन व्यवस्थांमधली माणसं उभी होती, आणि आपल्या वाङ्मयीन स्मृतीत यांतली दुसरी बाजू जवळजवळ कोरी आहे. ताजच्या नाचघरात संस्थानिक, साहेब आणि धनिक पारशी नाचत होते. त्यांच्यासाठी तो बँड म्हणजे परदेशातून आलेली उंची चीज होती. वाजवणाऱ्यांसाठी मुंबई म्हणजे काय होतं, असा प्रश्न त्या वेळी मराठीत कुणाला पडला असता तर आज आपल्याकडे काहीतरी वाचायला असतं.

त्या नाचघरात खरं कान देऊन कोण ऐकत होतं? माझ्या मते बँडमध्येच शेजारच्या खुर्चीवर बसलेले. या अमेरिकनांनी इथले वादक हाताशी घेतले: गोवेकर, अँग्लो-इंडियन, एखादा पारशी. गोवेकरांपाशी एक गोष्ट होती, जी हिंदुस्थानात इतरांपाशी क्वचितच होती. ती म्हणजे कागदावरचं संगीत वाचण्याची सवय. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमध्ये मेस्ताच्या हाताखाली मुलं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. गावात पोट भरत नसे म्हणून ती मुंबईची वाट धरत आणि धोबीतलाव-माझगावकडच्या आपापल्या गावच्या 'कुडा'त, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांत, ट्रंक ठेवून कामाला लागत. बोटीवर, हॉटेलात, मूकपटाच्या थिएटरात, बँडस्टँडवर. हाच रस्ता कोकणातल्या गिरणी कामगाराचाही होता. फक्त याच्या वळकटीत व्हायोलिन होतं.

बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच. 1916 चा जन्म. ट्रंपेट हातात घेऊन त्याने आर्मस्ट्राँगचा असा ध्यास घेतला की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. रंगमंचावरचं नाव घेतलं चिक चॉकलेट. पारशी सॅक्सोफोनवादक कावसजी खटाव यांनी नाव घेतलं रूडी कॉटन. मला या नावांची गंमतही वाटते आणि चरकही लागतो. अमेरिकेत काळ्या वादकाचं नाव पुसून गोऱ्याचं लागलं. मुंबईत गोवेकराने आणि पारशाने आपलं नाव स्वतःच बाजूला ठेवून अमेरिकन वाटेल असं लावलं, तेव्हा कुठे हॉटेलच्या फलकावर ते चढलं. आणि पुढे सिनेमात तर तेही चढलं नाही.

सिनेमात ही माणसं चाळिशीच्या दशकापासूनच होती, पण लोंढा आला तो नंतर. युद्ध संपलं, साहेब गेला, संस्थानं विलीन झाली, म्हणजे नाचणारे कमी झाले. त्यात मुंबई इलाख्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून तो कडक झाला. अमेरिकेत दारूबंदीने वादकांना गुत्त्यांत काम दिलं होतं. मुंबईत दारूबंदीने हॉटेलांची रात्र लवकर मिटवली आणि वादक दिवसाढवळ्या दादर-अंधेरीच्या स्टुडिओत आले. कारण एकटं हेच नव्हतं, स्टुडिओत पैसाही बरा होता. पण 'अलबेला' 1951 चा आहे हा योगायोग म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही.

स्टुडिओतली कामाची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. अरेंजर म्हटला जाणारा माणूस, बहुतेकदा गोवेकर, ती ऐकता ऐकता कागदावर उतरवी. मग मुखडा आणि अंतरा यांच्या मधले तुकडे, गाण्यामागून चालणारी व्हायोलिनची दुसरी ओळ, ट्रंपेट कुठे शिरायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे सगळं तो लिही आणि प्रत्येक वादकाला त्याचा त्याचा कागद मिळे. सेबॅस्टियन डिसोझांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षं केलं. मधले तुकडे अनेकदा संगीतकारच सुचवी, अनेकदा अरेंजर स्वतः रची. दर गाण्याला वाटणी निराळी. श्रेयनामावलीत मात्र वाटणी ठरलेली असे. ग्रेगरी बूथ यांनी 2008 च्या 'बिहाइंड द कर्टन'मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांनी 2012 च्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट'मध्ये ही माणसं नावानिशी उभी केली. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत चित्रपटसंगीतावर दिवाळी अंकांतून दरवर्षी पानंच्या पानं लिहिली जातात. त्यांत माझीही आहेत.

आता 'अलबेला'. मास्टर भगवान म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा शौकीन, मूकपटापासून आलेला, कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढणारा. सी. रामचंद्र त्याचे जुने मित्र. आणि सी. रामचंद्रांचा साहाय्यक म्हणून त्या वर्षांत काम करणारा चिक चॉकलेट. तिघांची ही भेट मला हिंदी सिनेमाच्या इतिहासातली फार महत्त्वाची वाटते, कारण ताजच्या नाचघरातलं संगीत तिथं पहिल्यांदा गिरणगावाच्या अंगात शिरलं. भगवानचा नाच नीट पाहा. त्यात नाचघराची एकही शिकवणी नाही. पाय जवळजवळ जागेवर, मनगटं सैल, खांदे हलके, पोट लपवायचा प्रयत्न नाही. जोडीदारीण असली-नसली तरी चालेल. जो कधी नाचला नाही त्याला जमेल असाच नाच. म्हणून तो गणपतीच्या मिरवणुकीत गेला आणि सत्तर वर्षांनंतरही तिथून निघालेला नाही. बोंगो, मराकासचे खुळखुळे, क्लॅरिनेट, ट्रंपेट. खरं तर हा माल शुद्ध जॅझ नाही, त्यात क्युबाकडचा मसाला निम्मा आहे. आपण सगळ्यालाच जॅझ म्हणत आलो. पण त्याला उसना म्हणणाऱ्यांनी एकदा भगवानच्या खांद्यांकडे बघावं. उसनं घेतलेल्या कोटात माणूस असा वावरत नाही.

त्या चित्रपटातल्या एका गाण्यात चिक आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून उभे. वेष क्युबाचा, माणसं गोव्याची, प्रेक्षक लालबागचा. चेहरा दिसला, पण वादक म्हणून नाव प्रेक्षकापर्यंत गेलं नाही.

आणि इथं माझा खरा मुद्दा येतो. नाव न लागणं ही तक्रार मी फार काळ करत होतो. हळूहळू लक्षात आलं की नाव हा पुढचा भाग. आधी हक्क गेला. आर्मस्ट्राँगच्या तबकडीत वाजवणारा स्वतःचं बोलतो. आपल्या चित्रपटगीतात जॅझचा आवाज आला, वाद्यं आली, ताल आला, कपडेसुद्धा आले. पण वाजवणाऱ्याने स्वतःचं बोलायचं हा जो त्यातला गाभा, तो आला नाही. चिक ताजमध्ये रात्री जे मनाला येईल ते वाजवू शकत होता, ते सकाळी स्टुडिओत आठ मात्रांच्या तुकड्यात लिहून ठेवलं जाई.

यावर कुणी म्हणेल, तीन मिनिटांच्या तबकडीत गायकाला, शब्दांना जागा द्यायची की ट्रंपेटवाल्याला? मीही असंच म्हणत असे. पण आर्मस्ट्राँगची तबकडीही साधारण तीनच मिनिटांची होती. तीन मिनिटांत गाणं, ट्रंपेट, पियानो, सगळे आपापलं बोलून जातात. अडचण वेळेची नव्हती. दुसरं उत्तर असं की आपल्याकडे गाणं हे गळ्याचं, वाद्य साथीला. तेही पुरतं पटत नाही. ज्या देशात सतारिया दोन तास एकट्याने स्वतःची बढत करतो, त्या देशाला वादकाचं स्वातंत्र्य ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? विचित्र उलटापालट झाली ती अशी: आपल्याकडे बढत करणारे सहसा कागद वाचत नव्हते, आणि कागद वाचणारे गोवेकर तेवढे कागदाला बांधले गेले. वाचता येणं हेच त्यांचं भाकरीचं साधन झालं आणि तेच त्यांचं दावं.

त्यांतल्या काहींनी ते तोडायची धडपड केली. चिकने 1951 मध्येच 'नादान'ला स्वतः संगीत दिलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये वाद्यवृंद उभा करून राग आणि सिंफनी एकत्र मांडून पाहिलं. व्हायोलिन शिकवणारे हे गोन्साल्विस प्यारेलालचे गुरू. 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. कृतज्ञता खरी होती. पण परिणाम पाहा: अख्ख्या देशाने ते नाव तोंडपाठ केलं आणि ते एका व्हायोलिनवादकाचं आहे हे कुणाला कळलं नाही. ते पोहोचलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या गमतीदार नायकाचं नाव म्हणून. लेबलवर नाव नसणं एक वेळ परवडलं.

आमच्याकडे हे सगळं रेल्वेच्या, तंबू थिएटरच्या आणि बँडच्या वाटेने आलं. पुणे-मिरज मार्गावरच्या या गावात वादकांची कमतरता कधीच नव्हती. सातारा-सांगलीकडे सनई-डफडं पिढ्यान्‌पिढ्या होलार समाजाने सांभाळलं, हलगी मांगवाड्याने. लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे आणि पंगत त्यांच्याबरोबर बसत नसे. त्यांच्याच पुढच्या पिढीतल्या अनेकांनी पितळी बँड धरला, टोपी-झालरीचा गणवेश चढवला. क्लॅरोनेटवाले त्याच घरांतले. स्वरलिपी त्यांनी कधी पाहिली नाही. चहाच्या हॉटेलातल्या ग्रामोफोनवर गाणं पाच-सात वेळा ऐकायचं आणि सनईच्या बोटांनी क्लॅरोनेटवर बसवायचं, अशी त्यांची शाळा. अंतऱ्यानंतरचा तुकडा लक्षात राहिला नाही तर ते स्वतःचा घालत. वरात एखाद्या घरापुढे थांबली, नाचणारी पोरं हटेनात, की तोच तुकडा ते वाढवत नेत. कधी त्यात लावणीची एखादी जागा येई, कधी पालखीच्या मुक्कामात कानावर पडलेल्या भजनाची.

म्हणजे चिककडून स्टुडिओत जे काढून घेतलं गेलं, ते लोणंदच्या वरातीत या माणसाने न विचारता परत घेतलं होतं. एका गाण्यावर दहा मिनिटं, लिहून दिलेलं काही नाही, समोर नाचणारे, आणि पुढचा सूर काय हे फक्त त्यालाच माहीत. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरून असेच पितळी बँड मिरवणुकीने जात आणि आर्मस्ट्राँग लहानपणी त्यांच्यामागून हिंडे. सरळ नातं काही नाही. पण रस्ता तसाच, पितळ तसंच, आणि वाजवणाऱ्याकडे गावाची पाहण्याची तऱ्हाही बरीचशी तशीच. लग्नपत्रिकेवर आजही बँडमालकाचं नाव येतं फार तर. आता बहुतेक ठिकाणी बेंजो आणि डीजे आला आहे, तिथं तेही येत नाही.

हा लेख पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. होलारांविषयीच्या वाक्याशी मान हलवली, वरातीच्या भागाला हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण एक चूक आहे तुमची. लिहून दिलेलं वाजवलं म्हणजे माणूस त्यात नसतो, असं कुठं आहे? परत लावा बघू ती."

मी तबकडी लावली. ट्रंपेटची जागा आली तशी त्यांनी बोट वर केलं. "हा सूर बघा. सरळ लावायचा असता तर कागदावर सरळच असणार. ह्यानं तो खालून घासत आणलाय. हे कोण लिहून देणार?"

टवक्यापाशी सुई अडखळली. त्यांनीच ती उचलून पुन्हा मागे ठेवली.